1968 चं डॉ. सेन यांचं हृदय-प्रत्यारोपण: धाडस की घाई?

जेलरोडकर:
काल गीता भवन चौकात ट्रॅफिक थांबवलं होतं. रिक्षावाला म्हणाला, 'भिया, दिल जा रिया है.' इंदूरला 2015 पासून ग्रीन कॉरिडॉरची (अवयव नेण्यासाठी रस्ता मोकळा ठेवण्याची) सवय झालीये, तरी अंगावर काटा आलाच. घरी आल्यावर डोक्यात तेच. डॉ. बर्नार्ड यांनी केपटाऊनला 3 डिसेंबर 1967 ला पहिलं हृदय बदललं, रुग्ण 18 दिवस जगला. फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलला डॉ. पी. के. सेन यांनी तेच केलं आणि रुग्ण काही तासांत गेला. रिजेक्शन (शरीराने परका अवयव नाकारणं) आवरणारं धड औषध हाताशी नसताना हे करायला नको होतं. घाई झाली. तुम्हाला काय वाटतं?

छावणीचे_पोहे:
अहो, काही तासांत गेलेला माणूस सहसा रिजेक्शनने जात नाही, त्याला दिवस लागतात. आणि सेन कुत्र्यांवर आधीपासून प्रयोग करत होते, बर्नार्डची बातमी वाचून सुरी उचलली नव्हती. अमेरिकेतले सर्जन स्टार्झल यांचा 1963 चा यकृत-प्रत्यारोपणाचा पहिला रुग्ण टेबलावरच गेला. 1967 मध्ये त्यांनाच यश आलं. त्यांनाही घाईखोर म्हणायचं?

रामबागची_मावशी:
मी जेलरोडकरांच्या बाजूने. डॉ. मरे यांनी 1954 मध्ये बॉस्टनला किडनी बसवली ती जुळ्या भावाची, तीही अगदी एकसारख्या. शरीराला परकं वाटणारच नाही अशी केस निवडली, याला म्हणतात डोकं. 1968 मध्ये जगभरात शंभरावर हृदयं बसवली, बहुतेक रुग्ण टिकले नाहीत, मग एकेका हॉस्पिटलने हात झटकले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचे डॉ. शमवे तेवढे चिकटून राहिले. मानेच्या शिरेतून चिमटा घालून हृदयाचा कणभर तुकडा काढायचा आणि रिजेक्शनची चाहूल आधीच ओळखायची, हे त्यांच्याकडचं. पुढे ब्रिटिश सर्जन कॅल्न यांनी 1978 मध्ये सायक्लोस्पोरिन हे रिजेक्शन आवरणारं औषध रुग्णांना दिलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. (बर्नार्डचे फोटो मात्र सगळ्यांना पाठ!)

छावणीचे_पोहे:
मावशी, शमवेंनीही पहिलं ऑपरेशन जानेवारी 1968 मध्येच केलं हो. औषधाची वाट कुठे पाहिली? सेन यांच्याकडे तर ब्रेन डेथचा (मेंदू कायमचा थांबला की माणूस मृत मानण्याचा) कायदाही नव्हता, तो आला 1994 मध्ये. त्याच ऑगस्टात दिल्लीच्या एम्सला डॉ. वेणुगोपाल यांनी हृदय-प्रत्यारोपण यशस्वी केलं.

जेलरोडकर:
कुत्र्यांवरच्या प्रयोगांचं ध्यानात नव्हतं, तो मुद्दा मागे घेतो. पण त्या रुग्णाच्या घरच्यांना आधी काय नि किती सांगितलं असेल? मी तिथेच अडलोय.