पीएचडी करताना स्पर्धेचं रोइंग : माझं मत "करावंच". तुमचं?

मुळाकाठ
पुण्यात इंजिनिअरिंगला असताना सीओईपीच्या बोट क्लबवर वल्ही मारायला शिकले. तेव्हा मुळेत निम्मं पाणी निम्मी जलपर्णी, आणि रेगाटा (बोटींच्या शर्यतींचा सोहळा) जवळ आला की लेक्चर संपल्या संपल्या थेट धक्क्यावर. आता केंब्रिजला बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करतेय, दुसरं वर्ष, आणि माझ्या कॉलेजच्या मुलींच्या पहिल्या बोटीत पाच नंबरच्या सीटवर असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इथली कॅम नदी इतकी अरुंद आहे की बोटी शेजारी-शेजारी पळवताच येत नाहीत, म्हणून एकामागे एक साधारण दीड बोटीचं अंतर ठेवून सोडतात आणि पुढच्या बोटीला गाठून टेकायचं. याला बंप्स म्हणतात. चार दिवस चालतं, टेकलात की दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागेवरून सुरुवात. लेंट म्हणजे दुसऱ्या टर्मचे बंप्स थंडी संपता संपता असतात म्हणजे तयारी सगळी ऐन थंडीत, बोटीला दिवे लावून, अंधारात.

विषय निघाला कारण परवा व्हिडिओ कॉलवर मावसभाऊ म्हणाला, "ताई ही चैन झाली, रिसर्च करणाऱ्याने एवढा वेळ खेळाला देऊच नये." तो स्वतः पुण्यात पीएचडी करतोय. मला हे साफ अमान्य आहे. आठवड्याला चार आउटिंग (नदीवरचा सराव) आणि दोन-तीन वेळा अर्ग (तेच ते जिममधलं रोइंग मशीन), सगळे मिळून दहा-अकरा तास होतात. एवढे तास तर लोक फोनवर घालवतात. आणि माझं काम त्यात बसतं. ई. कोलायमध्ये प्रोटीन बनवते, संध्याकाळी सहाला आयपीटीजी (प्रोटीन बनवायला लावणारं रसायन) घातलं की १८ डिग्रीला रात्रभर शेकरवर हलत राहतं, सकाळी दहाला सेल्स स्पिन करायच्या (मशीनमध्ये गरगर फिरवून तळाला बसवायच्या), मधल्या वेळात मी बोटीत होते की झोपले होते याने बॅक्टेरियाला काही फरक पडत नाही.

पण खरं कारण वेगळंय. पहिल्या वर्षी सहा महिने माझं प्रोटीन विरघळतच नव्हतं, दर वेळी सगळं तळाच्या गोळ्यात. रोज लॅबमधून हरून घरी. त्या सहा महिन्यांत सकाळी नदीवर जे करायचे ते त्याच दिवशी पूर्ण व्हायचं, आणि आठ जणींची वल्ही एकदम पाण्यात पडली की बोटीखालून बुडबुड्यांचा आवाज येतो ना, तो ऐकला की मला दिवसभर पुरायचं. ते नसतं तर मी पीएचडी सोडून परत आले असते. हे मी घरीसुद्धा कधी बोलले नव्हते.

सेल_कल्चरवाली
ताई, तुझं बॅक्टेरियाचं काम आहे म्हणून बसतंय गं. मी उंदरांच्या न्यूरॉन्सवर (मेंदूच्या पेशींवर) काम करते. टाइम कोर्स लावला की दर चार तासांनी सॅम्पल, ४८ तास. पिल्लं कधी जन्मतील ते उंदरीण ठरवते, मी नाही. मी मुंबईत शाळेपासून स्विमिंग करायचे, राज्य पातळीपर्यंत, पहिल्या वर्षी सोडलं. आळस म्हणून नाही सोडलं, दोनदा प्रॅक्टिसला गेले आणि दोनदा पेशींची अख्खी प्लेट गेली. "करावंच" असं सरसकट म्हणू नकोस, ज्यांना जमत नाही त्यांना वाटतं आपल्यातच काही कमी आहे.

निवृत्त_गाईड
मी पुण्यात बरीच वर्षं पीएचडीचे विद्यार्थी घेतले, आता निवृत्त आहे. तुमच्या तासांच्या हिशोबाशी माझं भांडण नाही. माझ्याकडे तबला वाजवणारे होते, सह्याद्रीत दर शनिवार-रविवार भटकणारे होते, कुणाचंही काम त्यामुळे अडलं नाही. रोइंगची गोष्ट निराळी आहे आणि तुम्ही ती बोलायची टाळलीत. भटकणारा मुलगा प्रयोग अडला तर गडावर जात नाही, संपला विषय. तुम्ही गेला नाहीत तर बाकीच्या सात जणी आणि ती सुकाणू धरणारी कॉक्स, आठ माणसं धक्क्यावर ताटकळतात. म्हणजे ज्या दिवशी बोट आणि प्रयोग दोन्ही एकाच वेळी समोर येतील त्या दिवशी बोट जिंकणार. बोटीकडे आठ तोंडं आहेत, तुमच्या फ्लास्कला एकही नाही. असं वर्षातून दहा वेळा झालं की शेवटी जो दहा आठवड्यांचा उशीर होतो तो कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि तिकडे फंडिंग साडेतीन-चार वर्षांचंच असतं. थीसिसचे शेवटचे महिने बिनपगारी काढलेली मुलं मी पाहिली आहेत. मावसभाऊ बरोबर बोलतोय असं माझं मत.

मुळाकाठ
सर, हा मुद्दा मला लागला, खरंच. असं माझ्याकडून नोव्हेंबरमध्ये एकदा झालंय. कॉलमवर (प्रोटीन शुद्ध करायची नळी) प्रोटीन चढवलं होतं, सकाळी पाचला उठून बघायला हवं होतं, मी थेट नदीवर गेले. आल्यावर बघते तर बफर (त्यातून सोडायचं द्रावण) संपून कॉलम कोरडा. १२ लिटर कल्चरचं काम गेलं. त्या दिवशी तळहाताचे फोड फुटलेले होते आणि बेंच पुसताना ७० टक्के इथेनॉल त्यावर गेलं, मी तिथेच रडले. आणि रडणं हाताचं नव्हतं.

त्यानंतर मी एक केलं, टर्मच्या सुरुवातीला कॅप्टनला माझे प्युरिफिकेशनचे (प्रोटीन शुद्ध करायचे) दिवस लिहून देते आणि त्या दिवशी सब येते, म्हणजे बदली मुलगी. बोटीला तोंड आहे हे बरोबर, पण त्या तोंडांशी आधी बोलता येतं.

चांदवडची_काकू
मी विज्ञानातली नाही, घरी शेती आहे, पण रोइंग म्हटलं की आमच्या तालुक्याला एकच नाव माहिती. दत्तू भोकनळ, आमच्या चांदवडचा, तळेगाव रोहीचा पोरगा. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या भागातला. तो सैन्यात गेला, तिथे वल्हं हातात घेतलं आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या बोटीत तेरावा आला, २०१८ च्या एशियन गेम्सला चौघांच्या बोटीत सोनं आणलं. पण बाळा, त्याला सैन्याने त्यासाठी वेळ दिला, सराव हीच त्याची ड्युटी. म्हणून विचारते, तू जे करतेस ते खेळ म्हणून की स्पर्धा म्हणून? स्पर्धा म्हटलं की अर्ध्या मनाने होत नाही, आणि अभ्यासही अर्ध्या मनाने होत नाही. लेकीसारखी आहेस म्हणून बोलले.

स्ट्रोकसाइड
काकूंनी नेमकं विचारलं. मी फिजिक्समध्ये पीएचडी केली, इंग्लंडमध्येच, दुसऱ्या गावी. पहिली दोन वर्षं कॉलेजसारखीच बोट, मजेत. मग मोठ्या स्क्वॉडमध्ये निवड झाली आणि दिवसातून दोन सेशन, आठवड्याला सहा दिवस. वेळेचं मी जमवलं असतं कसंतरी, थकवा नाही जमत. दुपारी तीनला लेझर अलाइन करताना डोळे मिटायचे. मग बरगडीला स्ट्रेस फ्रॅक्चर, रोइंगवाल्यांचं हे नेहमीचं दुखणं, शिंकलं तरी जीव जायचा, सहा आठवडे ना नदी ना धड लॅब. थीसिस आठ महिने लांबला. मोठी उदाहरणं देतात लोक, इमोजेन ग्रँट केंब्रिजला मेडिकलला होती, तिथेच पहिल्यांदा बोटीत बसली, टोकियोला ०.०१ सेकंदाने ब्राँझ हुकलं आणि पॅरिसला २०२४ मध्ये लाइटवेट डबलचं (कमी वजनाच्या दोघींच्या बोटीचं) गोल्ड घेतलं. पण तिने त्यासाठी मेडिकल मध्ये थांबवलं होतं. अमेरिकेची जेव्ही स्टोन २०१४ ला डॉक्टर झाली आणि २०१६ ला रिओत सिल्व्हर. म्हणजे ज्यांनी वरपर्यंत नेलं त्यांनी दोन्ही एकाच वेळी नाही केलं, एक बाजूला ठेवून दुसरं केलं. कॉलेजच्या बोटीला माझा शंभर टक्के पाठिंबा, त्याच्या वर जाऊ नकोस.

पाषाणचा_पोरगा
मी तोच मावसभाऊ 🙂 ताई, बरं झालं लिहिलंस. चैन हा शब्द मागे घेतो. प्रोटीनचं तू सांगितलंच नव्हतंस, मला वाटायचं तिकडे सगळं छान चाललंय. पण मत बदललेलं नाही. माझी फेलोशिप पाच वर्षांची, महिन्याला ३७ हजार, पुढे ४२, ते लोकांच्या करातून येतात, आणि माझ्या मनात हिशोब सतत चालू असतो की आज मी काय दिलं. सर म्हणाले ते दहा आठवडे मला परवडणारे नाहीत. आणि माझं प्रोटीन नाही विरघळलं तर मी कुठे जाऊ हेही मला माहीत नाही, ते मात्र तुझ्या पोस्टमुळे पहिल्यांदा डोक्यात आलं.

सेल_कल्चरवाली
@पाषाणचा_पोरगा, करातून पैसे येतात म्हणून माणसाने खचायचं असं कुठे लिहिलंय रे. मी विरोधात होते आणि आहे, पण हा मुद्दा मला पटला नाही. मी स्विमिंग सोडलं तेव्हा त्या जागी काहीच ठेवलं नाही, आणि दुसऱ्या वर्षी त्याची किंमत दिली.

मुळाकाठ
एक गोष्ट मी मूळ पोस्टमध्ये लिहिली नव्हती, काकूंच्या प्रश्नाने बाहेर काढली. मला युनिव्हर्सिटीच्या लाइटवेट स्क्वॉडच्या ट्रायल्सना ये म्हणालेत. म्हणजे पहाटेची ट्रेन पकडून ईलीला, तिथली नदी रुंद आणि सरळ आहे, ट्रेनिंग तिथे होतं, आणि परत येऊन लॅब. वजन ५९ किलोच्या आत ठेवायचं ते वेगळंच. माझी इथली गाईड म्हणाली, तू ठरव, मला फक्त सप्टेंबरपर्यंत पहिलं चॅप्टर हवं. तिने अडवलं असतं तर सोपं गेलं असतं.

@स्ट्रोकसाइड, तुमचं वाचून दोन दिवस विचार केला. नाही जात. कॉलेजच्या बोटीत राहते, आणि मूळ मत जसंच्या तसं ठेवते फक्त सेल_कल्चरवालीच्या म्हणण्यावरून "करावंच" मधला "च" काढते. वाईट वाटतंय हे खरं, कारण मुळेवर शिकलेली मुलगी तिथवर पोचली असती.

निवृत्त_गाईड
तुमच्या नव्या कॉलमला बफर कमी पडला तर पंप आपोआप थांबेल अशी सोय करून घ्या. प्रेशर आणि एअर सेन्सरची लिमिट लावता येते, लॅब मॅनेजरला विचारा. आणि बंप्सचे चार दिवस कधी आहेत ते इथे लिहा.