‘टाइमस्टँप’ला मराठीत काय म्हणावं?

माळव्यातला: इंदूरच्या एका मराठी वाचनालयाचं देवघेवीचं सॉफ्टवेअर मराठीत करतोय. ‘टाइमस्टँप’चा, म्हणजे नोंदीची तारीख-वेळ दाखवणारा रकाना अडलाय. ‘दिनांक’ लिहिलं तर वेळ सुटते, ‘वेळ’ लिहिलं तर तारीख. कुणी ‘कालमुद्रा’ सुचवलं, पण तिथल्या काकूंना तो पत्रिकेतला योग वाटला!

शब्दवेडी: काकूंचं बरोबर आहे. ‘समयांक’ही तसाच, कुणी बोलणार नाही.

मोडीवाचक: जुने मराठी कागद बघा. पत्रात ‘छ १२ रमजान’ अशी चंद्राची तारीख असते, ती लिहिल्याची. पत्र पोचलं की कारकून वर वेगळा शेरा मारी, त्याला ‘पैवस्तगी’ म्हणत. ती पोचल्याची तारीख. संगणकात नेमकी हीच गल्लत होते. सोमवारी नेट बंद होतं, पुस्तक परत आलं ते वहीत टिपलं, मंगळवारी संगणकात चढवलं. सॉफ्टवेअर स्वतःहून ठोकेल तो मंगळवार, आणि वाचकाला दंड एका दिवसाचा जास्त! म्हणून रकाने दोन हवेत: ‘परतीची वेळ’ आणि ‘नोंदवेळ’.

शब्दवेडी: ‘नोंदवेळ’ छान. पण त्यात तारीख कुठंय?

मोडीवाचक: खालच्या आकड्यांत दिसतेच की.

माळव्यातला: दादा, दंडाचं अगदी पटलं. आणखी एक भानगड म्हणजे सकाळी दहाला आलेलं पुस्तक यादीत साडेचारला आल्याचं दिसतंय.

सर्व्हरवाली: ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. साठवताना यूटीसीच असू दे, दाखवताना बदल. (एकेकाळी आपले ज्योतिषी तुमच्या शेजारच्या उज्जैनवरून शून्य रेखा धरत, आता ग्रीनिच.) युनिक्स ही संगणकप्रणाली तर १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजतं. ३२ बिटांच्या जुन्या मोजणीत मावणाऱ्या सेकंदांची हद्द १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८:४४:०७ ला संपते, आपल्या घड्याळात. आणि तारीख ४/३ अशी नको, अमेरिकेत ती ३ एप्रिल होते. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने साठव: २०२५-०३-०४.

माळव्यातला: ताई, झालं काम. आता ‘लास्ट मॉडिफाइड’ तेवढं राहिलं.

शब्दवेडी: ‘शेवटचा बदल’. त्याला कशाला नवा शब्द?