वस्तू खरेदीत तंत्रनिकेतन-महाविद्यालयाची मदत नेमकी कुठे घ्यावी? (किनाऱ्यावरची नगरपंचायत)

प्रश्न – खाडीकाठ_लेखा

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या नगरपंचायतीसाठी विचारतोय. बांधकामांचं त्रयस्थ तांत्रिक लेखापरीक्षण शासकीय तंत्रनिकेतनाकडून होतंच. आता वस्तू खरेदीसाठीही जवळच्या महाविद्यालयाशी सामंजस्य करार करायचा विचार आहे. सध्या तीन कामं ठरली आहेत: टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर), सौर पथदिव्यांचे खांब आणि मागच्या तीन वर्षांच्या निविदांचा अभ्यास.

प्राध्यापकांना निविदा समितीवर घ्यावं का? जेमवरून (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारपेठेवरून) घेतलेला माल प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत अडवून ठेवता येतो का? तपासणीचा खर्च कोणी करायचा? कृपया बारकाव्यासकट सांगा.

उत्तर १ – जांभा_चिरा

समितीवर घेऊ नका. महाविद्यालयाची खरी गरज दोन ठिकाणी असते: निविदा निघण्याआधी तपशील लिहिताना आणि माल गेटवर आल्यावर. मधला निर्णय कार्यालयाचाच राहू द्या. ज्यांनी तांत्रिक तपशील लिहिला तेच लिफाफा क्रमांक १ (तांत्रिक लिफाफा) उघडायला बसले आणि पुढे मालही त्यांनीच तपासला, तर नापास झालेला निविदाकार पहिली हरकत त्यावरच घेतो, आणि ती हरकत चुकीची म्हणता येत नाही.

करारात मोघम 'तांत्रिक सहकार्य' लिहू नका. कोणती वस्तू, कोणती चाचणी, किती दिवसांत अहवाल, सही कोणाची आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर कोणाची, एवढं नावानिशी नाही तरी पदनामानं लिहा. उन्हाळी सुट्टी आणि परीक्षा यांत अहवाल अडकतात, आणि किनाऱ्यावर खरेदीची घाई नेमकी मे महिन्यातच असते. कोणत्याही पुरवठादाराचं सल्लागाराचं काम चालू नाही, असं घोषणापत्र संबंधित प्राध्यापकांकडून प्रत्येक निविदेला नव्यानं घ्या.

तपशिलाच्या मसुद्यात प्रत्येक अटीपुढे 'ही अट कशासाठी' असा रकाना ठेवायला सांगा. ज्या अटीपुढे कारण लिहिता येत नाही ती बहुतेक वेळा कुठल्या तरी कंपनीच्या माहितीपत्रकातून उचललेली असते. अट पूर्ण करणारे किमान तीन उत्पादक सापडतात का, तेही महाविद्यालयानंच बघून द्यावं.

उत्तर २ – अंशांकन

टीसीएलबद्दल. सुरुवात यापासूनच करा, कारण रसायनशास्त्र विभाग असलेल्या कुठल्याही महाविद्यालयात ही चाचणी तासाभरात होते आणि फरक लगेच दिसतो.

आपण पावडर वजनावर घेतो, पण पाणी शुद्ध होतं ते उपलब्ध क्लोरीनमुळे. ३३ टक्के असलेल्या २५ किलोच्या गोणीत ८.२५ किलो क्लोरीन असतो, २४ टक्के असलेल्या गोणीत ६ किलो. गोणीचा भाव सारखा असला तरी दुसरी गोणी सव्वापटीहून महाग पडली. शिवाय हजार लिटरला ५ ग्रॅम हे आपलं नेहमीचं प्रमाण ३३ टक्के धरूनच बसवलेलं आहे. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरूच नये.

चाचणी अशी: ५ ग्रॅम पावडर खलात थोड्या पाण्याबरोबर घोटून १ लिटर करायची. द्रावण गाळायचं नाही. हलवत हलवत त्या गढूळ द्रावणातूनच ५० मिलि घ्यायचं. त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि ॲसिटिक आम्ल घालून दशांश नॉर्मल सोडियम थायोसल्फेटनं फिकट पिवळा रंग येईपर्यंत अनुमापन, मग स्टार्च, आणि निळा रंग जाईपर्यंत थेंब थेंब. १ मिलि थायोसल्फेट म्हणजे ३.५५ मिलिग्रॅम क्लोरीन. ३३ टक्क्यांच्या पावडरीला सुमारे २३.३ मिलि लागतं, २४ टक्क्यांच्या पावडरीला १६.९, २० टक्क्यांच्या पावडरीला १४.१. हा तक्ता भांडारपालाच्या टेबलावर चिकटवून ठेवा, म्हणजे अहवालातला आकडा त्यालाही वाचता येईल.

घोळ होतो तो नमुना घेताना. गोणीच्या तोंडाशी हवा लागून पावडरीतला क्लोरीन आधीच उतरलेला असतो, म्हणून पोटातून घ्या. १०० गोण्यांतून १० गोण्या कुठल्याही निवडा. नमुना गडद रंगाच्या घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवा, त्यावर पुरवठादाराच्या प्रतिनिधीची सही घ्या आणि चाचणी दुसऱ्या दिवसापर्यंत उरका. महिनाभरानं फेरतपासणी मागितली तर तिला काही अर्थ नसतो, तोवर नमुन्याचाच क्लोरीन उडालेला असतो. म्हणून फेरतपासणीची मुदत ४८ तास अशी अट निविदेतच हवी. 'भारतीय मानक १०६५ प्रमाणे' एवढं लिहून थांबू नका. ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी भरल्यास बिलातून किती कपात आणि कुठल्या आकड्याखाली माल परत, हेही लिहा.

आणि वर्षाचा साठा एकदम उतरवून घेऊ नका. आपल्याकडच्या जुलैच्या दमटपणात चांगली पावडरही भराभर उतरते. एकच पुरवठा आदेश, पण माल तीन हप्त्यांत: मे अखेर, जुलैचा मध्य, सप्टेंबर. प्रत्येक हप्त्याची चाचणी वेगळी. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटत्या ठेवा. पंपाच्या खोलीत नकोत, मोटारीचं पॅनेल गंजतं.

उत्तर ३ – गंजरोधक

खांब आणि जेम यांचा प्रश्न एकत्रच घेतो. जेमवर माल मिळाल्यावर ४८ तासांत तात्पुरती पावती आणि १० दिवसांत स्वीकृती प्रमाणपत्र द्यावं लागतं. काहीच केलं नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. क्षारफवाऱ्याची (खाऱ्या फवाऱ्यात माल किती गंजतो ते पाहण्याची) ५०० तासांची चाचणी म्हणजे जवळजवळ २१ दिवस, त्यामुळे ती या मुदतीत बसत नाही. बिड तयार करतानाच कारखान्यातून माल निघण्यापूर्वीच्या तपासणीचा पर्याय निवडा, लांबच्या चाचण्यांचे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे अहवाल तांत्रिक लिफाफ्यात मागा आणि ते खरे आहेत का हे महाविद्यालयाला थेट त्या प्रयोगशाळेकडे विचारू द्या.

गेटवर करायचं काम जस्ताच्या थराची जाडी मोजण्याचं. भारतीय मानक ४७५९ प्रमाणे ५ मिमी आणि त्याहून जाड पोलादावर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त हवं, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन. २ ते ५ मिमीमध्ये ४६० ग्रॅम, सुमारे ६४ मायक्रॉन. एकाच खांबाला दोन्ही निकष लागतात: नळी साधारण ३ मिमीची, तळपट्टी त्याहून खूप जाड. निविदेत एकच आकडा लिहिला की वाद ठरलेला.

चुंबकीय जाडीमापक रंग आणि जस्त एकत्र मोजतो. वरून रंग मारलेला खांब १२० मायक्रॉन दाखवेल आणि आत जस्त जेमतेम ४० असेल. म्हणून रंगाआधी मोजा, नाहीतर तळपट्टीच्या खालच्या बाजूला, जिथे रंग पोचत नाही तिथे मोजा. बॅटरीच्या दाराची कड, वेल्डिंगचा सांधा आणि दिव्याच्या हाताचं टोक या जागा सोडू नका. 'सर्व छिद्रं व वेल्डिंग जस्तीकरणापूर्वी' ही अट हवीच, कारण खाऱ्या वाऱ्यात गंज नेमका नंतर पाडलेल्या भोकापासून धरतो. नट-बोल्ट ३१६ प्रतीचे स्टेनलेस मागा. ३०४ प्रत समुद्राजवळ ठिपक्या-ठिपक्यांनी खाल्ली जाते.

उत्तर ४ – तुलनात्मक_तक्ता

निविदांच्या अभ्यासाबद्दल. विद्यार्थ्यांच्या हाती स्कॅन केलेल्या फायली देऊ नका, निम्मं वर्ष टंकलेखनात जाईल. आधी एक साधी एक्सेल करा: वस्तू, अंदाजपत्रकीय रक्कम, प्रसिद्धीची व अंतिम तारीख, आलेल्या आणि पात्र ठरलेल्या निविदा, प्रत्येकाचा दर, पुरवठ्याची ठरलेली व प्रत्यक्ष तारीख, बिल आल्याची व पैसे दिल्याची तारीख. शेवटच्या दोन तारखा कुणी भरत नाही, आणि त्याच सर्वांत जास्त बोलतात. सूक्ष्म व लघु पुरवठादाराला ४५ दिवसांत पैसे देणं २००६ च्या कायद्यानं बंधनकारक आहे, उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. जिथे पैसे थकतात तिथे पुरवठादार तो उशीर आधीच दरात धरतो किंवा निविदाच भरत नाही.

एकाच फर्मचं नाव चार प्रकारे लिहिलेलं असतं, म्हणून जुळणी पॅनवरून कार्यालयातच करा आणि बाहेर देताना पॅन, खाते क्रमांक, मोबाइल काढून फक्त सांकेतिक क्रमांक ठेवा. चालू निविदा कधीच देऊ नका. दर संशयास्पद रीतीनं एकाच प्रमाणात वरखाली दिसले तर अहवालात आरोप न करता आकडे मांडावेत. संगनमताबाबत स्पर्धा आयोगाकडे जायचं की नाही, ते कार्यालय ठरवेल.

मात्र फक्त चोर शोधायला बसू नका. इटलीतल्या सरकारी संस्था तीच वस्तू किती वेगवेगळ्या भावानं घेतात यावर २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वाया गेलेल्या पैशापैकी किमान ८३ टक्के पैसा कुणाच्या खिशात न जाता निव्वळ अकार्यक्षमतेत गेल्याचं निघालं. ई-निविदेचंही तसंच: ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवरच्या अभ्यासात दर कमी झाल्याचं दिसलं नाही, रस्त्यांचा दर्जा मात्र सुधारला आणि बाहेरच्या भागातले ठेकेदार जास्त जिंकले. तेव्हा विद्यार्थ्यांना नुसता दर मोजायला लावू नका, माल किती टिकला तेही लिहायला सांगा.

खाडीकाठ_लेखा

फार उपयोगी, आभार. तपासणीच्या खर्चाचं राहिलं. आणि तीनही कामं याच वर्षी घ्यावीत का?

उत्तर ५ – जांभा_चिरा

पहिल्या तपासणीची फी कार्यालयानं द्यावी आणि ती त्या वस्तूच्या अंदाजपत्रकातच धरावी. माल नापास झाला तर फेरतपासणी पुरवठादाराच्या खर्चानं, हे निविदेत छापा. पैसे संस्थेच्या खात्यावर, पावतीसह. प्राध्यापकांच्या हाती नाही.

या वर्षी टीसीएल आणि निविदांची एक्सेल एवढंच घ्या. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प जुलैत वाटले जातात, म्हणून एक्सेल जूनअखेर तयार हवी. नोव्हेंबरपर्यंत आकडे हातात आले तर पुढच्या अर्थसंकल्पात वापरता येतील. खांबांची निविदा पुढच्या डिसेंबरात काढा. पाया खोदणं आणि उभारणी मेअखेर संपली पाहिजे, नाहीतर पावसात घाट बंद पडला की माल वरच अडकतो आणि मुदतवाढीचे अर्ज सुरू होतात.