जाहीर निषेध, आतून मदत : यासाठी मराठीत नेमका शब्द कोणता?

प्रश्न : अमेरिकेतील २०१२ च्या सिनेट निवडणुकीवरील एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे. मिझुरी राज्यातील रिपब्लिकन उमेदवार टॉड एकिन यांनी त्या वर्षी ऑगस्टमध्ये बलात्कार आणि गर्भधारणा यांविषयी संतापजनक विधान केले. पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांनी त्यांना माघार घेण्यास सांगितले आणि सिनेट निवडणुकांचे काम पाहणाऱ्या पक्षाच्या राष्ट्रीय समितीने त्यांना पैसा देणार नसल्याचे जाहीर केले. मात्र शेवटच्या दिवसांत याच समितीने राज्यातील पक्षशाखेकडे साडेसात लाख डॉलरहून अधिक रक्कम वळवल्याचे निवडणुकीनंतर उघड झाले. एकिन हरले ते हरलेच. या वागण्याला मी ‘छुपा पाठिंबा’ असे लिहिले आहे, पण तो शब्द मला अपुरा वाटतो.

उत्तर : तो अपुराच आहे, कारण त्यात अर्धीच गोष्ट येते. छुपा पाठिंबा देणारा पक्ष बाहेर गप्पही राहू शकतो. येथे पक्षाने बाहेर मोठ्याने निषेध केला आणि आतली मदत कोणाच्या ध्यानात आली नाही, ती त्या निषेधामुळेच.

म्हणून आधी ‘निषेध’ या शब्दाकडेच पाहायला हवे. संस्कृतात निषेध म्हणजे मनाई. ‘विधिनिषेध’ या जोडशब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे : जे करावे ते विधी, जे करू नये तो निषेध. ‘आम्ही तीव्र शब्दांत निषेध करतो’ या आजच्या वाक्यात मात्र कोणी कोणाला कशाचीही मनाई केलेली नसते. उरते ती केवळ नापसंती, आणि तीही शब्दांपुरती. आपल्याकडे पक्षाच्या चिन्हावर लढायचे तर एबी फॉर्म लागतो आणि तो द्यायचा की नाही हे सर्वस्वी पक्षाच्या हाती असते. तो फॉर्म रोखणे हा जुन्या अर्थाने निषेध झाला असता. पत्रक काढणे हा नव्या अर्थाने निषेध आहे, आणि हा फरक शब्दकोशापुरता राहिलेला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी गिरगावातील एका छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करतो. निवडणुकीच्या प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते छापणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ नुसार बंधनकारक आहे, त्यामुळे तळाची ती बारीक ओळ मी सर्वांत आधी वाचतो. एका विधानसभा निवडणुकीत सकाळी एका पक्षाचे निषेधाचे पत्रक आले. त्यात उमेदवाराचे नाव कोठेही नव्हते, ‘संबंधित उमेदवार’ एवढेच होते, आणि ‘त्यांच्या कृत्याशी पक्षाचा काडीचाही संबंध नाही’ असे ठळक टायपात होते. दुपारी त्याच उमेदवाराचा कार्य अहवाल आला, मोठ्या फोटोसह, आणि ‘हा आधी छापून द्या’ असा निरोप घेऊन. दोन्ही प्रुफे मी शेजारी ठेवली, तेव्हा तळाच्या ओळीत प्रकाशक म्हणून एकाच पदाधिकाऱ्याचे नाव होते.

त्या दिवशी मला ‘पाठीशी घालणे’ या वाक्प्रचाराचा खरा अर्थ उमगला. ‘पाठीशी उभे राहणे’ आणि ‘पाठीशी घालणे’ यांची आपण पुष्कळदा सरमिसळ करतो. पहिल्यात पुढे तो माणूस असतो आणि आपण त्याच्या मागे असतो. तो उघड आधार आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. दुसऱ्यात आपण पुढे होतो आणि दोषी माणसाला आपल्या पाठीमागे घेतो, म्हणजे बघणाऱ्याला आपण दिसतो, तो दिसत नाही. निषेधाचे पत्रक पुढे आणि उमेदवार मागे, ही रचना या वाक्प्रचारात तंतोतंत बसते.

‘पाठराखण’ येथे तितकासा चालत नाही. पाठराखीण नवरीबरोबर सासरी जाते, सर्वांच्या देखत. त्यामुळे ‘छुपी पाठराखण’ मला कानाला खटकते. ‘साटेलोटे’ला देवाणघेवाण करणारे दोन पक्ष लागतात. ‘दुटप्पीपणा’ स्वभाव सांगतो, कृती सांगत नाही. घूमजाव वेगळेच : २०१७ मध्ये अलाबामातील रिपब्लिकन सिनेट उमेदवार रॉय मूर यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाल्यावर पक्षाच्या मुख्य राष्ट्रीय समितीने (वरची सिनेट समिती वेगळी) त्यांची मदत थांबवली आणि मतदानाच्या काही दिवस आधी ती पुन्हा सुरू केली, पण ते सारे उघडपणे झाले.

पुन्हा प्रश्न : निषेधासाठीही एखादे विशेषण हवे आहे. ‘खोटा निषेध’ चालेल का?

उत्तर : ‘खोटा’ म्हणायचे तर मनातला हेतू सिद्ध करावा लागतो, म्हणून ‘तोंडदेखला’ घ्यावा. समोर कोणी बघत आहे म्हणून केलेले, एवढेच तो म्हणतो, आणि तेवढे पुराव्याने दाखवता येते. मदतीसाठी ‘आतून’ हे साधे क्रियाविशेषण पुरेसे आहे. लालबाग-परळच्या कार्यकर्त्यांच्या तोंडीही ‘आतून काम करा’ असेच असते. आणि लेखात पुढे जिंकून येण्याच्या शक्यतेचा उल्लेख असेल तर मराठी बातम्यांतले ‘इलेक्टिव्ह मेरिट’ टाळून ‘निवडून येण्याची क्षमता’ असे लिहावे. गुन्हे दाखल असलेला उमेदवार का निवडला याचे कारण पक्षांनी प्रसिद्ध करावे आणि ते कारण केवळ ही क्षमता असू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० रोजी बजावले आहे. ‘मेरिट’ म्हटले की त्याच क्षमतेला गुणवत्तेचा मान मिळतो.

तुमचे वाक्य मी असे करीन : ‘पक्षाने एकिन यांचा तोंडदेखला निषेध केला आणि आतून पैसा पुरवून त्यांना पाठीशी घातले.’