आंबोलीचा भेक : पहिल्या पावसाच्या रात्री रस्ता बंद ठेवावा का?

सडाफटिंग
मागच्या जूनमध्ये पहिली दणदणीत सर कोसळली त्या रात्री आंबोलीत होतो. विजेरी घेऊन सड्याकडेच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराकडेच्या, रस्त्याने चाललो, तर डांबरावर चिरडलेले बेडूकच बेडूक. बहुतेक ओळखण्यापलीकडचे, पण दोघांच्या कुशीवर वाघासारखे पट्टे दिसले. आंबोली भेक.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा जीव. २००९ साली एस. डी. बिजू, वरद गिरी आदी संशोधकांनी नवी जात म्हणून त्याची नोंद केली. तो आणि कोयनेचा पिवळा भेक यांच्यासाठी 'झँथोफ्राइन' ही वेगळी प्रजाती मांडली. जगात या प्रजातीत एवढ्या दोनच जाती, दोन्ही आपल्या सह्याद्रीतल्या. आंबोलीचा भेक धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे.

पहिल्या मोठ्या पावसानंतर चार-पाच रात्री, अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत इथला घाटरस्ता बंद ठेवावा, एवढंच माझं म्हणणं. कर्नाटकात बंदिपूरच्या जंगलातल्या रस्त्यावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंदी आहे, रुग्णवाहिकांना सोडतात.

घाटातलो
बंदिपूर सांगू नका. आमचा घाट बंद झाला तर बेळगावची भाजी सकाळी सावंतवाडीत पोचणार कशी? चोर्ल्याचा वळसा घालून? पेशंट अडकला तर रुग्णवाहिका आधी यायला तर हवी! आणि हे दरवेळी पुण्या-मुंबईचा माणूसच का सुचवतो? तुमका पावस बघूक येवचा आसता, आणि बंदी मात्र आमका.

बोरूबहाद्दर
तीन सेंटीमीटरच्या बेडकासाठी घाट बंद! उद्या डासांसाठी फवारणी बंद करा म्हणाल.

सडाफटिंग
बोरू, तो दुसरीकडे जाऊ शकत नाही, हाच तर मुद्दा आहे. त्याला विहीर नको, तळं नको. जांभ्याच्या कातळात पावसाचं पाणी साचून जी उथळ डबकी होतात, त्यात तो अंडी घालतो. पाऊस उघडला की ती आटतात, म्हणून सगळी घाई पहिल्या सरींनंतरच्या थोड्या दिवसांत. नेमक्या त्याच शनिवार-रविवारी धबधब्यासाठी गाड्यांची रांग लागते.

काळा कातळ
मी आंबोलीत दहा-बारा पावसाळे फोटो काढतोय, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. रस्त्याचा त्रास आहेच, पण त्यापेक्षा मला सड्यावर चढवलेल्या गाड्यांची भीती वाटते. कावळेसाद पॉइंटला वाऱ्याने उलटं उडणारं पाणी बघायला येतात आणि चाकं कातळावर घालतात. आपल्याला तो नुसता दगड दिसतो. चाकाखालच्या दोन बोटं खोल पाण्यात अंडी असतात. त्याहून मोठी भीती जेसीबीची. सडा एकदा सपाट करून वर भर टाकली की डबकं पुन्हा होत नाही. मेलेल्या बेडकाच्या जागी पुढच्या वर्षी दुसरा येईल, फोडलेल्या कातळाचं काय?

घाटातलो
कातळभाऊ, तुमची रात्रीची टोळकीही सांगा ना. एका भेकाभोवती आठ जण, प्रत्येकाचा फ्लॅश. तो नर ओरडायचा थांबतो, ते चालतं?

काळा कातळ
कबूल. मीही त्यात होतो. आता एका जागी दोनच फोटो, आणि जोडी जमलेली असेल तर कॅमेरा पिशवीत. पण रात्रीच्या फेऱ्यांवर गावातल्या पोरांना वाटाडे म्हणून पैसे मिळतात, हेही खरं. बेडूक जगला तर त्यांचा धंदा जगतो, असं गणित कणसाच्या गाडीवाल्याला मांडता येत नाही.

घाटातलो
मग ऐका. आंबोली, गेळे, चौकुळ या तीन गावांत कबुलायतदार गावकरांच्या जमिनीचा प्रश्न कित्येक वर्षं भिजत पडलाय. वाडवडिलांनी राखलेली जमीन, आणि सातबाऱ्यावर आम्ही नाही. त्यात पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा: २०११ ला गाडगीळ समितीचा अहवाल, २०१३ ला कस्तुरीरंगन समितीचा, २०२४ च्या जुलैत सहावी मसुदा अधिसूचना. दर खेपेला आमच्या घरात चर्चा एकच, यंदा गोठा बांधता येईल का नाही. इथल्या हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडातल्या माशासाठी २०२१ ला ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली, तेव्हा गावातून कुणी भांडायला गेला नाही. देवाची जागा, आधीपासून राखलेली. राखायला आम्हाला शिकवू नका, फक्त विचारा.

सडाफटिंग
हे पटलं. घाटरस्त्याचं मी मागे घेतो, तिथे माझा हट्ट चुकीचा होता. पण कावळेसाद आणि महादेवगड पॉइंटचे रस्ते? तिथून ना भाजी जाते ना पेशंट. संध्याकाळी सातनंतर ते बंद ठेवले तर कुणाचं काय अडतं?

बोरूबहाद्दर
माझं. मी रात्रीच जातो.

काळा कातळ
तुम्ही काय बघता अंधारात, धुकं?

घाटातलो
पॉइंटचे रस्ते चालतील. पण फाटकाशी माणूस गावचा हवा, आणि चार रात्रींचा रोज द्यायचा. वनखात्याचा बोर्ड लावून भागणार नाही, तो पहिल्याच वाऱ्यात पडतो. मी ग्रामसभेत विषय काढतो, तुम्ही लेखी द्या. सोप्या मराठीत. 'झँथो' बिंथो नको.