घर टॉवेलवर चालतं, मग पैसेही टॉवेलच्याच शेअरमध्ये घालू का?

लूमवाला पूर्वभाग

नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. आजोबांनी चादरीवर सुरुवात केली, वडिलांनी टॉवेल धरला, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. भावाने हट्ट धरला म्हणून जुने साधे लूम काढून रॅपिअर जातीचे नवे लूम बसवले. जुन्या लूमचे आणि शेडमागच्या तुकड्याचे पैसे आले, त्यातून देणी फिटली आणि सहा लाख हातात राहिले. लगेच कुठे लागणार नाहीत.

माझा विचार आहे वेलस्पन, ट्रायडेंट, इंडो काउंट अशा टॉवेल-चादरी करणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे शेअर घ्यायचा. टॉवेल हातात घेतला की जीएसएम (चौरस मीटरमागे वजन) किती, सूत कसलं, दोन धुण्यांनंतर किती आटेल हे मी सांगू शकतो. बँकांचं, सॉफ्टवेअरचं मला काही कळत नाही. जे कळतं त्यातच पैसा घालावा, असं सगळेच म्हणतात.

पण एक गोष्ट डोक्यात शिरत नाही. मे २०२२ मध्ये कापसाची खंडी (सुमारे ३५६ किलो) लाख रुपयांच्या वर गेली होती. आम्हाला सूत परवडेना, रात्रपाळी बंद ठेवावी लागली. त्याच वर्षी सूतगिरण्यांनी मात्र २०२१-२२ चे झकास निकाल लावले. मला वाटलं, आता हे शेअर पळणार. तर ते तेव्हाच उतरायला लागले! नफा एवढा चांगला असताना भाव कसा पडतो?

चुलतभाऊ म्हणतो, शेअरबिअर सोड, ऑप्शनमध्ये (शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत) घाल, महिन्याला पाच टक्के कुठे गेले नाहीत. त्याच्याबद्दलही सांगा.

जुळे सोलापूरकर

दादा, आधी ऑप्शनचं, कारण तिथे आग लागलेली आहे. सेबीने, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० किरकोळ लोकांपैकी ९३ तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. पुढच्या वर्षी पुन्हा मोजलं तर ९१ टक्के तोट्यात. चुलतभावाला म्हणावं, महिन्याला पाच टक्के सुटत असतील तर ब्रोकरचं वर्षाचं नफा-तोटा पत्रक काढून दाखव. व्हॉट्सॅपवरचा स्क्रीनशॉट नको.

शेअरबाबत मी तुमच्या बाजूने आहे. सुताचा भाव आज काय, डाईंगवाले किती दिवस थांबवतात, कामगार मिळतात की नाही, हे तुम्हाला घरबसल्या कळतं. मुंबईत बसून अहवाल लिहिणाऱ्याला ते तीन महिन्यांनी कळतं. कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायला लागा, तिमाही निकालानंतरच्या चर्चेचा मजकूर एक्स्चेंजच्या साइटवर फुकट मिळतो. तुमच्या जागी मी असतो तर निम्मे तरी घातले असते.

कर्जखातं निवृत्त

भाऊ, मी सोलापुरातच बँकेत कर्ज विभागात होते. नोकरीतला बराचसा काळ यंत्रमागवाल्यांची स्टॉक स्टेटमेंट (मालसाठ्याची पत्रकं) तपासण्यात गेला, त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी जवळचा वाटला. सविस्तर लिहिते.

नफा चांगला असताना भाव का पडला? बाजार गेल्या वर्षीचा नफा विकत घेत नाही, पुढच्या दोन-तीन वर्षांचा घेतो. सूतगिरणीची कमाई कापूस आणि सूत यांच्या भावातल्या फरकात असते. २०२१-२२ मध्ये गिरण्यांकडे आधी स्वस्तात घेतलेला कापूस होता आणि सूत महाग विकलं जात होतं, म्हणून नफा फुगला. पण खंडी लाखाला पोचली तेव्हा दोन गोष्टी उघड होत्या. यापुढे गिरणीला याच भावाने कापूस घ्यावा लागणार, आणि तुमच्यासारखा गिऱ्हाईक ते सूत उचलणार नाही. तुम्ही रात्रपाळी बंद केलीत ना, तीच त्या शेअरची खरी बातमी होती. ती तुमच्या शेडमध्ये आधी आली आणि निकालाच्या कागदावर नंतर. २०२२-२३ मध्ये त्या गिरण्यांचे नफे आपटले.

त्यातून एक सवय लावून घ्या. चढउताराच्या धंद्यात शेअर सगळ्यात स्वस्त दिसतो तो नफा शिखरावर असताना. शेअरच्या भावाला एका शेअरमागच्या नफ्याने भागलं की जो आकडा येतो तो पीई; तो चार-पाच दिसतो आणि माणूस म्हणतो, फुकटात मिळतंय. नफा घसरला की तोच पीई तीस होतो. एकाच वर्षाच्या नफ्यावर हिशेब करू नका. निदान सात-आठ वर्षांची सरासरी काढा, म्हणजे त्यात वाईट वर्षंही येतात.

आता मुख्य मुद्दा. जुळे सोलापूरकर म्हणतात ते खरं आहे, तुम्हाला माल कळतो. पण मोठ्या कंपनीच्या शेअरचा भाव मालावर थोडा आणि तुमच्या नजरेआडच्या गोष्टींवर फार हलतो. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीने वेलस्पनशी संबंध तोडले. इजिप्शियन कापसाच्या म्हणून घेतलेल्या साडेसात लाख चादरी आणि अभ्रे तसे नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. शेअर काही दिवसांत जवळपास निम्म्यावर आला. अशोक चौकात उभं राहून ते कोणाला कळलं असतं? २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेही तसंच. कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क सरकार एका वर्षी लावतं आणि एका वर्षी उठवतं, ते दिल्लीत ठरतं.

आणि समजा तुम्हाला हे सगळं कळलं, तरी मी नकोच म्हणेन. तुमचं काय काय आधीच टॉवेलवर उभं आहे ते मोजा. कारखाना, लूमवरचं कर्ज, दोन भावांचं घरखर्चाचं उत्पन्न, गिऱ्हाइकांकडची उधारी. घर पूर्व भागात असेल तर त्या घराची किंमतसुद्धा, कारण शेजारीही याच धंद्यातले. टॉवेलला वाईट वर्ष आलं की हे सगळं एकदम खाली जाणार. नेमक्या त्याच वर्षी पगार भागवायला हे सहा लाख लागणार, आणि नेमके तेव्हाच ते निम्मे झालेले असणार. म्हणजे पडत्या भावात विकावे लागतील.

आपल्या गावाने हे फार जवळून पाहिलंय. १८७७ सालची जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, सगळ्या बंद पडल्या. मिल थांबली की कामगाराचा पगार थांबायचाच, शिवाय बायकोचं उधारीवर चालणारं दुकान थांबायचं आणि भाड्याने दिलेली खोली रिकामी व्हायची, कारण भाडेकरूही मिलचाच. अशा घरांची खाती मी थकीत होताना पाहिली आहेत. माणसं कष्टाळू होती, हिशेबाची पक्की होती. सगळं एकाच ठिकाणी अडकलं होतं, एवढंच.

निफ्टी ५० हा पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरवरून काढलेला बाजाराचा निर्देशांक, त्यात टॉवेल करणारी एकही कंपनी नाही. बँका, तेल, सॉफ्टवेअर, औषधं, गाड्या. तुम्ही म्हणता ते तुम्हाला कळत नाही. म्हणूनच एक शेअर निवडू नका, इंडेक्स फंड घ्या, म्हणजे या सगळ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे घालणारा म्युच्युअल फंड. तुमच्याकडे नाही नेमकं तेच त्यात आहे.

बाळीवेस सूतवाला

काकूंचं पटलं, पण एक धंद्याचं बोलतो. मालक, तुम्ही सूत उधारीवर घेता की रोखीने? उधारीवर घेत असाल तर सूतवाला भावात व्याज धरूनच बिल करतो, मी स्वतः करतो. दीड-दोन लाख बाजूला ठेवून रोखीने सूत घ्या आणि सूट मागा. वर्षाला किती वाचतात ते वहीत मांडा. तो परतावा नक्की असतो, त्याला बाजार वरखाली करत नाही.

लूमवाला पूर्वभाग

सगळ्यांचे आभार. घराचीही किंमत त्यातच धरायची, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. चुलतभावाकडे पत्रक मागितलं, अजून आलेलं नाही.

सूतवाले अण्णा, दोन लाख रोखीच्या सुताला ठेवतो. काकू, उरलेले चार लाख इंडेक्स फंडात एकदम घालू की थोडे थोडे? आणि बाजार पडला तर किती पडतो, हे खरं सांगा.

कर्जखातं निवृत्त

चार नको, अडीच घाला. दीड लाखाची एफडी करा, तीन महिने ऑर्डर आल्या नाहीत तर लाइट बिल आणि पगार त्यातून. एका बँकेत एका माणसाच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, त्यामुळे तुमची इतर ठेव कुठे आहे तेही बघून बँक निवडा.

पडझडीचं सांगते. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,३०० च्या आसपास होता, ऑक्टोबरमध्ये २,६०० च्याही खाली. तो जुना आकडा कायमचा मागे टाकायला २०१३-१४ उजाडलं. २०२० मध्ये १२,३०० च्या वरून मार्चमध्ये ७,६०० वर आला आणि वर्ष संपायच्या आत भरून निघाला. एकदा जवळपास सहा वर्षं, एकदा सुमारे दहा महिने, आधी सांगता येत नाही. म्हणून सात-आठ वर्षं हात लावायचा नसेल तेवढेच घाला आणि दीड वर्षात महिन्याच्या हप्त्याने घाला. अडीच लाखांना दरमहा चौदा हजारांच्या आसपास पडतात.

फंड घेताना डायरेक्ट प्लॅन घ्या, त्यात एजंटचं कमिशन नसतं. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर, वर्षानंतर विकलं तर आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. नॉमिनी म्हणून वहिनींचं नाव आजच टाका आणि भावालाही हे पैसे कुठे आहेत ते सांगून ठेवा.