मानसशास्त्राच्या पहिल्या वर्गासाठी जुना प्रयोग सुचवा

धागाकर्ती: एफ.वाय.ला 'मानसशास्त्र विज्ञान कसं झालं' हा भाग आहे. वुंटने १८७९ साली लाइपझिगला मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढली, एवढ्यावर भागवायचं नाहीये. त्या काळातला एक प्रयोग मुलांकडून करून घ्यायचाय. तास ५० मिनिटांचा, उपकरणं शून्य. कुठला घेऊ?

कालमापक: डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ डोंडर्सचा प्रयोग, उट्रेख्ट, १८६८. निवड करून दिलेल्या प्रतिक्रियेच्या वेळेतून साध्या प्रतिक्रियेची वेळ वजा केली की निवडीला लागलेला वेळ उरतो. क्रोनोस्कोप (सूक्ष्म वेळ मोजणारं यंत्र) नको, जोडीदाराने सोडलेली पट्टी झेलणं पुरतं: ती जितकी खाली घसरली, त्यावरून वेळ काढता येतो. मनगट बाकाच्या कडेवर, चिमूट उघडी, शून्याची खूण बोटांशी. आधी एकच पट्टी. मग दोन्ही हातांत एकेक, आणि सोडणाऱ्याने न सांगता त्यातली एकच सोडायची. ३० सेंमीची पट्टी इथे निसटून जाते, मीटरपट्ट्या आणा. सोडण्याआधी १ ते ४ सेकंद कमीजास्त थांबा, नाहीतर मुलं ताल पकडतात. पहिल्या ५ फेऱ्या सरावाच्या, पुढच्या १५ चा मध्यक.

हमखास चूक म्हणजे सेंटिमीटरच वजा करणं. २० सेंमीला ०.२० सेकंद, पण ४० ला ०.२९. मीटरमधलं अंतर दुप्पट करा, ९.८ ने भागा, वर्गमूळ घ्या, वजाबाकी त्यानंतर.

वजनकाटा: माझं मत वेबरच्या वजनांना, १८३४: दोन वजनांतला किती फरक हाताला कळतो ते पाहायचं. फेश्नरचं संवेदना मोजण्याचं गणित त्यावरच उभं आहे. एकसारखे अपारदर्शक डबे घ्या. आकार वेगळा असेल तर मोठा डबा हलका वाटतो आणि सगळंच फसतं. आत वाळू, वर कापूस दाबून, म्हणजे वाळू हलणार नाही. प्रमाण वजन २०० ग्रॅम. तुलनेला २०२, २०५, २१०, २२०. एकाच हाताने, एकामागून एक. प्रमाण डबा निम्म्या वेळा आधी, निम्म्या वेळा नंतर द्या, कारण उचलण्याच्या क्रमानेही निकाल झुकतो. फरक ५ ग्रॅमच्या आसपास कळू लागतो, साधारण चाळिसावा भाग. ४०० वर तो दुप्पट व्हायला हवा. पण हे ५० मिनिटांत बसत नाही.

धागाकर्ती: मग तासाला डोंडर्स, प्रात्यक्षिकाला वजनं. पण दोन्ही १८७९ च्या आधीचे! मुलं विचारणारच.

कालमापक: विचारू द्या, धड्याचा गाभाच तो. प्रयोग आधीही होत होते. लाइपझिगला त्यात संशोधन करून डॉक्टरेट घेणारे तयार झाले. कॅटेल, टिचनर, म्युन्स्टरबर्ग तिथलेच. म्युन्स्टरबर्गकडे हार्वर्डला शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता पुढे कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली सुरू झालेल्या मानसशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख.